शेवाळासाठी सकर मासा आणावा का? तीन फुटी टाकी, इंदूर

सुदामानगरची_मृ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आहे, म्हणजे साधारण दीडशे लिटर. गप्पी, मॉली, निऑन टेट्राचा एक घोळका आणि दोन एंजल, सगळे एकत्र आहेत आणि आतापर्यंत भांडण नाही. खाली तळाला मात्र कोणीच नाही.

अडचण शेवाळाची आहे. काचेवर हिरवे ठिपके आलेत ते बोटाने घासून निघत नाहीत, फिल्टरच्या पाइपवर तपकिरी भुकटी बसते ती मात्र हात लावला की निघते, आणि पानांच्या कडांना काळे झुपके आलेत ते तर कशानेच जात नाहीत. दुकानदार म्हणाला दोन सकर टाका, पंधरा दिवसांत टाकी चकाचक. मुलाला तो मासा फार आवडलाय, काचेला तोंड लावून चिकटतो ना, ते बघत तो दुकानातच उभा राहिला. पण घेण्याआधी विचारावं म्हटलं. एंजलना त्रास देईल का? नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, मध्ये बोअर, ते चालेल का? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हा मासा टिकतो का?

काचेमागे

ताई, विचारलंत हे फार बरं केलंत. आधी तो मासा नक्की कोणता ते बघा कारण "सकर" या एका नावाखाली दुकानात तीन-चार वेगवेगळे मासे असतात आणि प्रत्येकाचं पुढचं आयुष्य वेगळं.

इंदूरच काय, कुठल्याही शहरात दोन-अडीच इंचाचा, अंगावर चॉकलेटी ठिपके किंवा जाळीसारखी नक्षी असलेला जो सकर स्वस्तात मिळतो तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतो, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. ओळखायची सोपी खूण सांगतो. तो काचेला चिकटून पाठीवरचा पंख उभा करेल तेव्हा पुढचा कडक काटा सोडून मागचे मऊ काटे मोजा, घाई न करता. दहा किंवा जास्त भरले तर हाच तो. सातच्या आसपास भरले तर दुसरा कोणी, ब्रिसलनोजही असू शकतो.

आता हिशेब बघा. हा मासा वाढून ४० सेंटीमीटरच्या वर जातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तुमच्या टाकीची रुंदी सव्वा फूट, म्हणजे ३८ सेंटीमीटर. त्याला धड वळता पण येणार नाही. आणि दुकानदार दोन घ्या म्हणतोय. "टाकीच्या मापाने मासा वाढतो" असं कोणीतरी सांगेलच तुम्हाला, त्यावर विश्वास ठेवू नका. लहान टाकीत वाढ खुंटते ती पाणी खराब होतं म्हणून आणि मासा आजारी पडतो म्हणून. त्याला जागा पुरली असा त्याचा अर्थ होत नाही.

विजयनगर_टँक

माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्याकडे सकर आहे, काच एकदम साफ ठेवतो, पानांवरची तपकिरी भुकटी तर तो आल्यापासून दिसलीच नाही. स्वस्तात मिळतो, मरत नाही, काही पण खातो. नवीन माणसाला इतकं घाबरवायची गरज नाही असं मला वाटतं. चार फुटी टाकीत आरामात राहतो.

काचेमागे

विजयनगर, तुमचा अनुभव खराच आहे, लहान सकर शेवाळ खातोच. दोन-तीन इंचाचा असताना तो दिवसभर काच खरवडतो. पण तो वाढला की पोट वाढतं, काचेवरच्या पातळ थरावर भागत नाही, मग वेफर (माशांच्या खाण्याच्या बुडणाऱ्या चकत्या) आणि खाली पडलेल्या पेलेटवर त्याची सवय बसते. मोठा सकर शेवाळाकडे फारसा बघत नाही आणि विष्ठा इतकी करतो की सायफन केलेल्या, म्हणजे नळीने तळाची घाण ओढून काढलेल्या दिवशीच संध्याकाळी वाळूवर परत लांब दोरे पडलेले असतात. तुमचा आत्ता किती मोठा आहे?

आणि ताईंच्या बाबतीत एंजलचा मुद्दा आहे. भुकेला मोठा सकर रात्री दिवे बंद झाल्यावर चपट्या, हळू पोहणाऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो आणि अंगावरचा चिकट थर खातो. एंजल, डिस्कस, गोल्डफिश यांना हा धोका जास्त. सकाळी एंजलच्या कुशीवर गोल पांढरट चट्टा दिसला तर आजार समजून औषध ओतण्याआधी सकरकडे बघायचं.

विजयनगर_टँक

माझा सहा-सात इंच असेल. चिकटताना कधी पाहिलं नाही पण रात्री मी बघतच नाही हे खरं. वेफर टाकतो रोज. मोठी टाकी करायचा विचार आहेच, सहा फुटी.

पाणी_आणि_प्रकाश

मला मूळ प्रश्नाबद्दलच बोलायचंय. शेवाळ काढायला मासा आणणं ही कल्पनाच उलटी आहे, आणि हे मी चिडून नाही, कळकळीने सांगतोय कारण दरवेळी धाग्याची सुरुवात इथूनच होते.

शेवाळ येतं कशाने? उजेड जास्त आणि पाण्यात खत जास्त. खत म्हणजे उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, सडलेली पानं, त्यातून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट, त्यात फॉस्फेटची भर. सकर शेवाळ खातो आणि तेच विष्ठा होऊन त्याच पाण्यात पडतं, बाहेर काहीच जात नाही. वर तुम्ही त्याच्यासाठी वेफर टाकता, म्हणजे बाहेरून आणखी खत आलं. पाणी बदललं आणि तळ सायफन केला तरच ते खत टाकीबाहेर जातं, दुसरा रस्ता नाही.

मृताई, तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच बघा.

तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. नवीन टाकीत हमखास येते, टाकी जुनी होत गेली की बहुतेक वेळा आपोआप कमी होते, आणि ही एक गोष्ट मासे खरंच आवडीने खातात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके, ते जवळपास कोणताच मासा खात नाही. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि काच खरवडा, पाच मिनिटांचं काम. टाकी ॲक्रिलिकची असेल तर ब्लेड लावू नका, ओरखडे पडतात. पानांवरचे काळे झुपके सगळ्यात चिवट, ती पानं सरळ कापून टाका. ते झुपके खाणारा मासा म्हणजे सायामीज अल्गी ईटर, पण तो सकरसारखा कॅटफिश नाही, पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो, उडी मारतो, म्हणून झाकण लागतं, आणि मोठा झाला की तोही पेलेटच्या मागे लागतो.

आता दोन प्रश्न तुम्हाला. दिवे किती तास चालू असतात? आणि टाकीवर खिडकीचं ऊन येतं का?

सुदामानगरची_मृ

दिवे सकाळी मुलगा शाळेत जायच्या आधी लावतो ते रात्री जेवणं होईपर्यंत चालूच असतात. आणि हो, पूर्वेची खिडकी आहे, सकाळी तासभर ऊन सरळ टाकीवर पडतं. मुलगा सकाळी खायला घालतो, संध्याकाळी सासूबाई घालतात, त्यांना मासे वर येऊन तोंड उघडतात ते बघायला आवडतं.

पाणी_आणि_प्रकाश

मग उत्तर मिळालंच. टायमर लावा, दिवसाला सहा-सात तास पुरे, आणि ते तुम्ही घरी असाल तेव्हाचे ठेवा, संध्याकाळी चार ते दहा वगैरे. खिडकीला पडदा. सासूबाईंचा आनंद काढून घेऊ नका, सकाळचं खाणं बंद करा आणि संध्याकाळचं त्यांच्याच हाताने चालू ठेवा, फक्त दोन मिनिटांत संपेल इतकंच. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले बॅक्टेरिया मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. हे महिना-दीड महिना नेमाने करा आणि मग मासा आणा. तुमच्या मॉली पण शेवाळ टोचत असतात, लक्ष देऊन बघा, खाणं कमी केलंत की त्या जास्त करतील.

मांडवीचा_मत्स्य (बडोदा)

मी बडोद्याहून. सकरच्या जातीतलाच मासा पाहिजे असेल, आणि मुलाला ते चिकटणं आवडलंय म्हणता, तर ब्रिसलनोज घ्या. अँसिस्ट्रस. जास्तीत जास्त दहा-तेरा सेंटीमीटर, तुमच्या टाकीत एक आरामात राहतो, बोअरचं जड पाणीसुद्धा सहन करतो. आल्बिनो म्हणून पिवळसर-गुलाबी मिळतो तोही हाच. फक्त नर दोन ठेवू नका, इतक्या जागेत लपायच्या जागेवरून मारामारी होते.

लोक या माशाला सफाई कामगार म्हणून आणतात आणि मग त्याच्याकडे बघतच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतका सुंदर मासा आहे. त्याचा डोळा जवळून बघा, टॉर्च नको, साध्या उजेडात. बुबुळावरून एक लहानसा पडदा खाली उतरतो आणि उजेड वाढला की पसरतो, मधला काळा भाग अर्धचंद्रासारखा उरतो. अंधार झाला की तो पडदा आत जातो आणि बुबुळ परत गोल. माझी मुलगी दिवा लावून-बंद करून हे बघत बसायची, मग मीच थांबवलं, माशाला त्रास नको.

आणि नराची वीण. माझ्याकडे मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा पालथा ठेवला होता, त्यात मादीने केशरी-पिवळ्या अंड्यांचा घड घातला आणि निघून गेली. मग नर आत शिरला तो बाहेरच येईना. तोंड आतल्या बाजूला, शेपूट दाराशी, आणि छातीचे दोन्ही पंख हलवत सारखा वारा घालतोय अंड्यांना, मधेच तोंडाने एखादं अंडं साफ करतोय. काकडी शेजारी ठेवली तरी वळून बघत नाही. साधारण आठवड्याभरात पिल्लं बाहेर आली, पोटाला पिवळी पिशवी लटकलेली, ती संपेपर्यंत कुंडीच्या भिंतीलाच चिकटून होती. जगातली कुठलीही काच साफ झाली नाही तरी चालेल, हे बघायला मिळालं ना.

चिमणबाग_काकू

वाचून छान वाटलं. पण खायला काय घालायचं ते सांगा ना, नुसतं शेवाळ खाऊन पोट भरतं का?

मांडवीचा_मत्स्य

नाही काकू, भरत नाही, आणि म्हणूनच कितीतरी मासे उपाशी मरतात. काकडीची जाड चकती, बिया काढून, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी बुडवायची, काटा वजनाने खाली राहतो. दोडका, दुधी, पालक हे उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाकून मऊ करायचं, मीठ अजिबात नाही. रताळं आवडतं पण थोडंच, पाणी गढूळ करतं. संध्याकाळी दिवे बंद करताना टाकायचं आणि सकाळी उरलेलं काढायचं, विसरलात तर दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो. भाजी बाजारातून आणली की नीट धुऊन, साल काढूनच, फवारणीचा भरवसा नाही. आठवड्यातून दोनदा शैवालाचा वेफर. आणि टाकीत एक लाकूड पाहिजे, ड्रिफ्टवुड, ते त्यावरचा थर खरवडत असतात आणि दिवसा त्याच्याखाली लपतात.

नर्मदा_टप्पा_३

ओटोसिंक्लस कोणी सुचवला नाही? चार-पाच सेंटीमीटरचा, शांत, डायटम तर चाटून पुसून. एंजल पण त्यांना काही करत नाहीत बहुधा.

काचेमागे

सुचवला नाही कारण ताईंची टाकी आत्ता त्याच्यासाठी तयार नाही. ओटो गोड मासा आहे पण नाजूक. बहुतेक अजूनही नदीतून पकडून येतात, वाटेत खूप दिवस उपाशी असतात, आणि दुकानात आलेले पहिल्या काही दिवसांत बरेच जातात. घ्यायचेच असतील तर दुकानात लगेच उचलू नका, आठवडाभर दुकानदाराकडेच राहू द्या, मग जाऊन त्यांचं पोट बघा. काचेला चिकटले की पोट खालून दिसतं. फुगीर असेल तर खातोय. आत गेलेलं, खळगा पडलेलं असेल तर कितीही जीव तुटला तरी आणू नका. आणि एकटा कधीच नाही, सहाच्या आसपास पाहिजेत. त्यांना मऊ, किंचित आम्लाकडे झुकणारं पाणी आणि २२ ते २६ अंश तापमान बरं वाटतं. आपल्याकडे बोअरचं पाणी आणि मे महिना, दोन्ही उलट. एंजल पूर्ण वाढले की बोटभर लांब सगळंच त्यांना खाणं वाटतं हे पण लक्षात ठेवा. ताई, तुमच्या निऑनचं पण तेच होणार आहे बरं का, नैसर्गिकरीत्या निऑन हे एंजलचं भक्ष्यच.

नर्मदा_टप्पा_३

बरोबर. माझी टाकी पूर्ण नर्मदेच्या पाण्यावर आहे म्हणून जमलं असेल.

पाण्याचं मृताईंना सांगतो. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की वासच येतो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. बोअरचं पाणी इकडे काळ्या बसाल्ट खडकातून येतं, जड असतं, तुमच्या बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो ना तेच. मॉली-गप्पीला ते आवडतं. पण एक करा, टाकीत पाणी आटलं म्हणून भर घालताना बोअरचं घालू नका. वाफ होऊन पाणी जातं, क्षार आतच राहतात, वर तुम्ही क्षाराचंच पाणी ओतता, असं करत करत टीडीएस कुठच्या कुठे जातो. भर घालायला नर्मदेचं मुरवलेलं, आणि बदलायला दोन्ही अर्धं-अर्धं, दरवेळी त्याच मापात. माशाला जड पाणी चालतं, पण आज हे उद्या ते असं चालत नाही.

चिमणबाग_काकू

आणि मे महिन्याचं? आमच्या वरच्या मजल्यावर टाकीतला थर्मामीटर ३२ दाखवतो.

पाणी_आणि_प्रकाश

काकू, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्यात लाइट गेली की फिल्टर बंद, मग मासे वर येऊन तोंड उघडतात. सकर-ब्रिसलनोजकडे एक सोय आहे, ते वर झेपावून हवा गिळतात आणि पोटातून ऑक्सिजन घेतात. त्यामुळे ते तग धरतात, पण तुमचा कॅटफिश सारखा तळातून सुळकन वर येऊन परत खाली जायला लागला तर ती मजा नव्हे, पाण्यात हवा कमी आहे ही पहिली सूचना समजा. टाकीचं झाकण थोडं उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र भरपूर आटतं, म्हणून वरचा भरीचा मुद्दा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पाहिजेच. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम पडलं की व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा आजार येतो.

मांडवीचा_मत्स्य

व्हाइट स्पॉटवरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. मॉली आहेत म्हणून तुम्ही टाकीत खडे मीठ टाकता का ताई? बरेच जण टाकतात. या कॅटफिशना मीठ मानवत नाही, नेहमीचं तर नाहीच. आणि तांबं असलेलं किंवा मॅलॅकाइट ग्रीनचं औषध पूर्ण मात्रेत टाकलं तर एंजल बरे होतील आणि ब्रिसलनोज जाईल. आजारी माशाला वेगळ्या टबात काढून औषध द्या. नवीन आणलेला मासा तीन आठवडे तरी वेगळा ठेवा, प्लॅस्टिकचा मोठा टब, एक स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, बास.

सुदामानगरची_मृ

हो, टाकते मीठ, प्रत्येक पाणी बदलताना. बंद करते. दुकानात सोनेरी रंगाचा पण एक दाखवला होता, त्याला अल्गी ईटर म्हणत होते, सकरपेक्षा चपळ. तो?

काचेमागे

तो नको! चायनीज अल्गी ईटर, गायरिनोकायलस, तो कॅटफिश पण नाही आणि चीनचा पण नाही, थायलंडकडचा. लहानपणी खातो शेवाळ, मोठा झाला की तिरसट होतो, टाकीभर सगळ्यांना पळवतो, आणि एंजलच्या अंगाला चिकटण्यात तर सकरपेक्षा वाईट. पाव मीटरपर्यंत वाढतो. एंजल असलेल्या टाकीत हा मासा मी कोणालाही घेऊ देणार नाही.

बिलावली_किनारा

मी नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. माझ्याकडचा सकर आता सव्वा फूट झालाय, टाकीत मावत नाही, लाकडं उलटवतो, झाडं उपटतो. घरचे म्हणतात तलावात सोडून दे, जीव वाचेल, पुण्य लागेल. सिरपूरला सोडला तर चालेल का? मोठा तलाव आहे, सुखात राहील.

काचेमागे

दादा, कृपा करून नको. तुमच्या मनातली दया मला समजते, तुम्हाला तो मरू द्यायचा नाही म्हणूनच तुम्ही विचारताय. पण सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलाय, आपला यशवंत सागर पण त्याच वर्षी. तिथे देशी मासे आहेत, पाणपक्षी आहेत. या माशाला अंगावर हाडांची पाट्यापाट्यांची ढाल आहे, पंखांना कडक काटे आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या पक्ष्याला तो गिळायला कठीण. घाण पाण्यात, कमी ऑक्सिजनमध्ये जगतो. नर काठाच्या मातीत खोल बिळं करतात, काठ ढासळतात. आपल्या देशी माशांचं खाणं आणि जागा दोन्ही घेतो.

आणि हे पुस्तकातलं नाही, आपल्याकडे झालेलं आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत, आंध्रच्या मत्स्यतलावांत हा मासा पसरलाय, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला. मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि विकला जात नाही. आपली खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. नाल्यात टाकला तरी तो इंदुरातच राहील असं नाही.

विजयनगर_टँक

बिलावली दादा, माझी सहा फुटी टाकी होईपर्यंत थांबता येईल का? दोन मोठे सकर एकत्र ठेवले तर जागेवरून वाद होतील, पण मध्ये लाकडं रचून बघता येईल. नाहीतर माझ्या ओळखीत एकाची महूकडे वाडी आहे, सिमेंटची मोठी टाकी आहे, वरून जाळी, बाहेर नाल्याशी संबंध नाही. तिथे विचारतो. मी मघाशी लिहिलं की घाबरवू नका, पण हा मुद्दा मी धरला नव्हता. दुकानदाराने विकतानाच सांगायला पाहिजे हे.

बिलावली_किनारा

थांबेन की. घरच्यांना हे वाचून दाखवलं, ते पण मान्य झाले. तलावात नाही सोडणार. तुम्हाला निरोप पाठवलाय.

नर्मदा_टप्पा_३

फार छान झालं. अजून एक, मासे नकोच असतील तर नेराइट गोगलगाय पण बघा कोणीतरी. काचेवरचे हिरवे ठिपके खरवडणारी तीच एक आहे. गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरत नाही, फक्त काचेवर आणि लाकडावर पांढरी टणक अंडी चिकटवते, ती दिसायला काहींना आवडत नाहीत.

सुदामानगरची_मृ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच काही आणलं नाही. टायमर लावला, पडदा लावला, सासूबाईंना संध्याकाळचं काम दिलं, काळी पानं कापली, मीठ बंद केलं. तपकिरी भुकटी गेलीच आहे जवळपास, ठिपके मुलगा कार्डाने काढतो रविवारी. काळे झुपके नवीन पानांवर अजून तरी नाहीत.

मुलाला सांगितलं की मासा टाकी साफ करायला आणायचा नाही, तुला आवडतो म्हणून आणायचा. तो म्हणाला मग काकडी मीच टाकणार. एक ब्रिसलनोज बघून ठेवलाय, दोन इंचाचा, पाठीवरचे काटे दोघांनी मोजले, सात भरले. टब तयार आहे, स्पंज फिल्टर आधीपासून मोठ्या टाकीतच चालवून ठेवलाय.

दोन शंका आहेत. ड्रिफ्टवुड आणलं ते तरंगतंय आणि पाणी पिवळं करतंय. आणि टबातून मोठ्या टाकीत नेताना जाळीने पकडायचं ना?

मांडवीचा_मत्स्य

लाकूड मोठ्या पातेल्यात तासभर उकळा, पाणी फेका, परत उकळा, मग दगड बांधून बादलीत बुडवून ठेवा, काही दिवसांनी आपोआप बसतं. पिवळा रंग माशाला अपायकारक नाही, पाणी बदलत गेलात की फिका होतो. पातेलं मात्र स्वयंपाकाचं वापरू नका.

जाळी नको. या माशाच्या गालावर आणि पंखांवर बारीक काटे असतात, घाबरला की ते उभे करतो आणि जाळीत अडकतो. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा टबात आडवा धरा, मागून हाताने हळूहळू वळवा, तो स्वतः डब्यात जातो. दिवे बंद करून, संध्याकाळी. आणि कधी चुकून जाळीत अडकलाच तर ओढू नका, पाण्यात धरूनच कात्रीने जाळी कापा.

सुदामानगरची_मृ

डबा आहे. शनिवारी आणतोय, तीन आठवडे टबात. अंडी वगैरे काही झालं तर मांडवीच्या दादांना आधी कळवेन, एकटाच आहे तो त्यामुळे इतक्यात नाही.

चिमणबाग_काकू

फोटो टाका गं, डोळ्याचा पडदा दिसेल असा.